गाडी भाड्याच्या घरी

गाडी ठेवायला भाड्याची जागा घ्यायची आणि ती गाडी चालवायचीही नाही, नुसती उभी करून ठेवायची, हे ऐकून आमच्या ओळखीतल्या बहुतेकींनी कपाळाला हात लावला. "अगंबाई, माणसांना राहायला जागा मिळेना आणि तुम्ही गाडीला खोली घेऊन दिलीत?" असं एकीनं तोंडावर विचारलं. बाकीच्यांनी पाठीमागं विचारलं असणारच! पण मैत्रिणींनो, जरा आजूबाजूला बघा. कुणाचा मुलगा परदेशी गेलाय आणि त्याची गाडी आईवडिलांच्या दारात उभी आहे. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालंय. कुणाच्या यजमानांना डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केलीय. गाडी विकवत नाही आणि चालवायला कुणी नाही, अशी घरं आता गावोगाव आहेत. आणि त्या उभ्या गाडीचं काय करायचं हा प्रश्न फिरून फिरून शेवटी येतो बाईच्याच पदरात. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक खुलासा. गॅरेज म्हटलं की आपल्याकडे ऑइलनं काळाकुट्ट झालेला मिस्त्री आणि त्याचे दोन पोरगे डोळ्यांपुढं येतात. मी लिहितेय ते त्या गॅरेजविषयी नव्हे. जुन्या बंगल्यांच्या आवारात गाडीसाठी बांधलेली वेगळी खोली असते ना, दोन फळ्यांचं दार आणि मोठं कुलूप असलेली, ती.

आम्ही सांगलीचे. घर गावभागात, कृष्णेपासून फार लांब नाही. आमची मारुती ८०० आम्ही २००८ साली नवी घेतली. ती दारासमोर गल्लीतच उभी राहायची. चालती गाडी दारात असली की गल्ली काही बोलत नाही. महिनोन्‌महिने न हलणारी गाडी मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते, पोरं तिच्या टपावर दप्तरं ठेवून क्रिकेट खेळतात आणि मांजरं खाली विततात. पण हे सगळं सोसता आलं असतं. आमची खरी अडचण पुराची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट; म्हणजे तिच्याही वर बारा फूट. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं त्या रात्री ह्यांनी गाडी बाहेर काढली आणि विश्रामबागेत माझ्या नणंदेच्या दारात नेऊन उभी केली, म्हणून ती वाचली. २०२१ च्या जुलैतही तसंच केलं. मग २०२३ ची दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडीचं नाव काढायचं नाही. आता पुढच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार? मला चालवता येत नाही, मुलगा पुण्यात. तेव्हा एक तर गाडी विकायची, नाही तर पाणी येण्याआधीच तिला उंचावर नेऊन ठेवायची, असे दोनच रस्ते उरले.

मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडं पाहत होते. मी म्हटलं, बघू.

नणंदेकडं आता अपार्टमेंट झालंय. एका फ्लॅटला गाडीची एकच जागा, तीही भाच्याच्या गाडीनं भरलेली. शेजारच्या इमारतीतला एक गृहस्थ आपली खालची जागा भाड्यानं द्यायला तयार होता. पण मी सोसायटीचं पत्र मागितलं, तशी त्यानं टाळाटाळ केली. तुम्हीही मागा बरं का! इमारतीखालची मोकळी पार्किंगची जागा सगळ्या सभासदांची सामायिक असते, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तेव्हा कुणी एकट्यानंच ती बाहेरच्याला द्यायला निघालं तर आपण जपून राहिलेलं बरं.

शेवटी भाच्यानंच एक जुना बंगला शोधून काढला. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या यजमानांनी ॲम्बेसिडरसाठी बांधलेली खोली, त्यामुळं आमची मारुती आत गेल्यावर दोन्ही बाजूंनी माणूस ऐसपैस फिरू शकतं. मी आत शिरल्याबरोबर पहिल्यांदा भिंती पाहिल्या. सांगलीची सून आहे मी! पुराच्या पाण्याची पिवळट रेघ भिंतीवरून लवकर जात नाही, वरून रंग दिला तरी कोपऱ्यात कुठं तरी दिसतेच. तिथं रेघ नव्हती. शेजारच्या दोन घरी विचारूनही घेतलं, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं म्हणून. मग छप्पर पाहिलं. कौलं धड होती, एका कोपऱ्यात ओल होती, तिथं गाडीचं तोंड येणार नाही एवढं बघितलं. फरशी कोबा केलेली, कोरडी. मातीच्या जमिनीवर गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये. खालून ओल चढते आणि पत्रा गंजतो. भाडं महिना दीड हजार, अनामत पाच हजार.

काकू म्हणाल्या, "करारबिरार कशाला? तुम्ही काय, मी काय, दोन म्हाताऱ्या बायका." मी म्हटलं, "काकू, त्यासाठीच हवा." उद्या त्यांचे मुलगे आले, किंवा आमच्या घरी कुणी विचारलं, तर तोंडी बोलण्याला साक्षीदार कोण? आपल्या महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असं कलम ५५ मध्ये स्पष्ट म्हटलंय. आमच्या काकूंना याची कल्पनाच नव्हती. वकिलांनी समजावल्यावर त्या लगेच तयार झाल्या. अकरा महिन्यांचा करार केला, तो माझ्या नावानं. हे मुद्दाम सांगते. गाडी ह्यांच्या नावावर आहे, पण भाडं मी भरते, किल्ली माझ्याकडं असते, तेव्हा कागदही माझ्या नावाचा. करारात दुसरी किल्ली काकूंकडं राहील, खोलीत दुसरं सामान ठेवायचं नाही (लोक अशा खोलीत गॅसचे सिलिंडरसुद्धा आणून ठेवतात), छप्पर गळलं तर दुरुस्ती मालकाची, आणि सोडायची झाली तर दोघींनीही एक महिना आधी सांगायचं, एवढं लिहून घेतलं. पहिल्या भाड्याची पावती देताना काकू म्हणाल्या, "मला पैशाचं काही नाही हो. रात्री आवारात कुणाची तरी वस्तू आहे, कुणी तरी येणार आहे, एवढं पुरे."

आता गाडी आत ठेवायची तयारी. आमच्याकडं जवळच हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवात हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा उरायची नाही, कीड जगायची नाही, वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. २००५ च्या पुरानं त्यातल्या कितीतरी पेवांची वाताहत केली, तो भाग वेगळा. पण ठेवणं म्हणजे कोंडून बंद करणं, ही आपली समजूत बहुधा तिथूनच आलेली. गाडीचं उलटं आहे. ती पैठणीसारखी. पैठणी कपाटात ठेवली तरी अधूनमधून काढून, वारा देऊन, घडी बदलून ठेवावी लागते, नाही तर घडीवरच विरते. गाडीच्या टायरचंही तसंच. एकाच जागी सगळा भार राहिला की तिथं सपाट बैठक धरते. म्हणून ठेवताना हवा थोडी जास्त भरायची आणि पंधरवड्याला गाडी हातभर पुढंमागं ढकलायची. आमची मारुती जेमतेम साडेसहाशे किलोची. मी आणि काकूंचा माळी मिळून सहज ढकलतो.

मिस्त्रीकडून इंजिनाचं ऑइल बदलून घेतलं. जुन्या ऑइलात जी आम्लं साठलेली असतात ती उभ्या इंजिनाला आतून खातात, असं त्यानं सांगितलं. पेट्रोलची टाकी, आमची २८ लिटरची, गळ्यापर्यंत नव्हे पण जवळजवळ भरून घेतली. रिकाम्या टाकीत हवेतली ओल आतल्या पत्र्यावर घामासारखी जमते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पावसाळ्यातल्या मिठासारखं पाणी ओढून घेतं. तेव्हा भरलेलं पेट्रोलही वर्ष-वर्ष तसंच ठेवण्यात अर्थ नाही, अधूनमधून जाळून ताजं भरलेलं बरं. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, तो चिकटून बसतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना पुढूनमागून विटा लावल्या. काचा बोटभर उघड्या, वायपर काचेपासून उचललेले. आणि प्लॅस्टिकचं कव्हर तर मुळीच नको. त्याच्या आत गाडीला घाम येतो आणि पावसाळ्यात सीटवर, स्टिअरिंगवर पांढरी बुरशी चढते. मी घरातल्या दोन जुन्या सोलापुरी चादरी एकत्र शिवून घातल्या. खर्च शून्य!

बॅटरीची वायर मात्र काढून ठेवावी लागते, नाही तर ती आपोआप उतरते आणि पुरती उतरली की लवकर मरते. हे काम मी पहिल्या खेपेला ह्यांच्यादेखत केलं. जानेवारीतली सकाळ होती. रिक्षानं आम्ही दोघं गेलो. काकूंनी दार उघडून ठेवलं होतं. ह्यांना धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. डावा हात त्यांनी स्टिअरिंगवर ठेवला, मग उजवा हात डाव्यानं उचलून त्याच्या शेजारी ठेवला आणि समोरच्या काचेतून बघत राहिले. मी बोनेट उघडून पाना लावला, तर आतून जोरात आवाज आला, "मायनस आधी! मायनस!" दोन महिने घरात ते बोलायचे ते पुटपुटल्यासारखं, मलाच ओळखून घ्यावं लागायचं. हा आवाज ओळखायची गरज पडली नाही. (तुम्हीही ध्यानात ठेवा. वायर काढताना मायनस आधी, लावताना सगळ्यांत शेवटी.)

तेव्हापासून दर पंधरवड्याला आमची खेप असते. मी दार उघडते, चादर झटकते, गाडीखाली वाकून तेलाचा थेंबबिंब पडलाय का बघते. हे बसल्या जागेवरून हुकूम सोडतात, स्टिअरिंग थोडं इकडंतिकडं वळवतात. महिन्यातून एकदा भाचा येतो आणि गाडी मिरजेपर्यंत नेऊन आणतो. "मामी, मामांना पुढं बसू दे," असं म्हणून मला मागं पाठवतो. लोकांचा एक समज आहे की दर रविवारी पाच मिनिटं जागच्या जागी इंजिन चालू केलं की झालं. मुळीच तसं करू नका. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, जळलेल्या पेट्रोलचं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलात साठतं आणि गाडी आतून गंजते. एक तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, नाही तर मुळीच चालू करू नका.

आणि कितीही घाई असली तरी बंद खोलीत इंजिन चालू करायचं नाही. गाडी आधी ढकलून अंगणात, मग किल्ली. धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो भरतोय हे कळतसुद्धा नाही, माणूस गुंगीत जातं आणि उठत नाही. घरात लहान मुलं, नातवंडं असतील तर ही किल्ली त्यांच्या हाती लागणार नाही, एवढं पाहायलाच हवं.

उंदरांनीही आम्हाला हिसका दाखवला. जुलैत एकदा बोनेट उघडलं तर हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरीणबाईंनी बाळंतपणाची तयारी करून ठेवलेली, आणि गादीला माझ्याच सोलापुरी चादरीच्या दशा! नशीब, वायर एकच कुरतडली होती. मिस्त्रीनं तंबाखूची पानं टांगायला सांगितली, शेजारणीनं डांबराच्या गोळ्या. गोळ्यांचा वास गाडीतून महिनाभर गेला नाही आणि ह्यांना ठसका लागायचा. तंबाखूचं उंदरांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. खरा गुण आला तो दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बुजवली तेव्हा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालते, पण त्याला लाल चिंधी बांधलेली असते आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी, म्हणजे भाचा तो काढायला विसरत नाही.

कागदपत्रांचं थोडं सांगते, कारण हे आपण बायका नेहमी पुरुषांवर सोडतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. आमची २०२३ मध्ये ह्यांनीच आरटीओत गाडी नेऊन करून आणली, आजारपणाच्या आधी. ही फी पूर्वी ६०० रुपये होती, ती २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाली. गाडी उभी आहे म्हणून हा काळ थांबत नाही. विम्याचंही तसंच. आम्ही गाडी महिन्याला रस्त्यावर काढतो, तेव्हा तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा कायद्यानं लागतोच. पण नुसत्या त्या विम्यात आग, चोरी, पूर यांचं आपलं नुकसान भरून मिळत नाही, हे माहीत असू द्या. तुमची गाडी नवी असेल आणि पूर्ण विमा असेल, तर तो संपून ९० दिवस उलटू देऊ नका, नाही तर इतक्या वर्षांची क्लेम न केल्याची सवलत बुडते.

आणखी एक. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारस म्हणून एकाचं नाव लावता येतं. मी हे ह्यांच्यापाशी काढलं तेव्हा मला जरा अवघड वाटत होतं. आजारी माणसापुढं असले विषय! पण ते हसले आणि म्हणाले, "लाव तुझं." लावलं. मालक गेल्यावर घरच्यांनी तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची असते. त्या दिवसांत बाईला कसलं भान असतं? नाव आधी लागलेलं असलं की तेवढी पायपीट तरी वाचते.

आता हिशेब. भाड्याचे वर्षाला अठरा हजार. विमा, पेट्रोल, मिस्त्री धरून आणखी सात-आठ हजार. दलालानं गाडीचे पंचेचाळीस हजार सांगितले होते. म्हणजे दोन वर्षांत गाडीची किंमत आम्ही गाडीलाच खाऊ घातली! मुलगा हे दर फोनला सांगतो आणि तो चुकत नाही. तुमच्याकडं गाडी नुसती 'बघू पुढं' म्हणून पडली असेल, तर मी सांगेन, पहिला करार संपेपर्यंत ठरवा आणि विकून मोकळ्या व्हा. परदेशी गेलेला मुलगा परत येऊन जुनी गाडी चालवत नाही. फक्त सहा महिन्यांसाठी जायचं असेल तर भाड्याची खोली जरूर परवडते.

आमचं गणित निराळं आहे. जानेवारीतल्या त्या खेपेनंतर मी हिशेबाच्या वहीत गॅरेजचं भाडं 'गाडी' या खात्यात लिहायचं बंद केलं, 'औषधं' या खात्यात लिहिते. फिजिओथेरपीच्या बाईंनाही मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, स्टिअरिंग धरायला लावा दोन्ही हातांनी, हवं तितकं. आता उजव्या हाताची तीन बोटं वळतात. गाडी ते पुन्हा चालवतील असं डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. पंधरवड्याच्या आदल्या रात्री मात्र ते स्वतःच विचारतात, "उद्या जायचं ना?"

नोंदणी २०२८ पर्यंत आहे. तेव्हा गाडीला वीस वर्षं होतील, आणि त्यापुढच्या नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० केलेली आहे. तेव्हा मात्र बसून ठरवायचं, असं आमचं दोघांचं बोलणं झालंय. भाच्यानं "विकायची झाली तर आधी मला सांगा" म्हणून ठेवलंय.

परवा करार नवा करायला गेले, तर काकूंनी संकोचत शंभर रुपये वाढवून मागितले. मी घासाघीस केली नाही. त्यांनी पावसाळ्याआधी त्या ओल्या कोपऱ्यावरची कौलं न सांगता बदलून घेतली होती, आणि उंदरांसाठी एक मांजरही पाळलंय.